जुन्या शिडाच्या बोटीवर सोलर: छताचं अस्तर लावायच्या आधी काय काय करून घ्यावं?

मीठपाणी
साउथॅम्प्टन

नमस्कार मंडळी. इथे सोलरवाले आहेत, मर्चंट नेव्हीतले आहेत, आणि दोनतीन जण तरी बोटीवर राहणारे आहेत म्हणून विचारतेय. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमची बोट वेस्टर्ली कंपनीची आहे, ३१ फूट, सत्तरच्या दशकात बांधलेली, फायबरग्लासची, दोन कील (तळाचे जड पंख) असलेली. केच आहे, म्हणजे मुख्य मास्टच्या मागे अजून एक छोटा मास्ट (मिझन). कॉकपिट (सुकाणूपाशी बसायची उघडी जागा) बोटीच्या मधोमध आणि मागे एक छोटी केबिन. सध्या हॅम्बल नदीवर एका यार्डात टेकूंवर उभी आहे आणि आम्ही दोघं शनिवार रविवार तिथेच असतो. ज्यांनी जुन्या वेस्टर्ली बघितल्यात त्यांना माहीत असेल, यांच्या छताला आतून फोमवालं व्हिनाइल चिकटवलेलं असतं आणि वय झालं की तो फोम भुगा होऊन अस्तर खाली लोंबायला लागतं. ते सगळं आम्ही काढलंय, खरवडलंय, आता आतून नुसतं फायबरग्लास दिसतं आणि जुन्या वायरी लोंबतायत. नवीन अस्तर प्लायवूडच्या पातळ फळ्यांवर लावून स्क्रूनी बसवायचं असं ठरलंय.

आता वाद असा आहे की नवऱ्याचं म्हणणं आधी अस्तर लावून केबिन राहण्यासारखी करू, सोलर पुढच्या उन्हाळ्यात बघू. माझं म्हणणं एकदा छत बंद झालं की वायर ओढायला परत सगळं उघडावं लागणार, तर सोलर कुठे आणि किती ते आत्ताच ठरवावं.

येत्या एप्रिलपासून बोटीवरच राहायचंय. हिवाळ्यात मरिनात (बोटींच्या धक्क्यावर) शोअर पॉवरवर (किनाऱ्यावरून घेतलेली वीज), उन्हाळ्यात जास्तीत जास्त नांगरावर, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ब्रिटनी, मग बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेन आणि पोर्तुगाल. दोघंही लॅपटॉपवर काम करतो. मी खर्चाचा हिशोब मांडलाय, १२ व्होल्टवर, एका दिवसाचा: फ्रीज ४० एएच (ॲम्पिअर-आवर), दोन लॅपटॉप मिळून ५०, राउटर आणि फोन १०, दिवे आणि रात्रीचा नांगराचा दिवा ७, पाण्याचा पंप वगैरे ३. म्हणजे ११० एएच, साधारण १४०० वॅट-आवर. हिवाळ्यात डिझेल हीटरचे अजून १५-२० धरा.

प्रश्न: किती वॅट लागतील? पॅनल कुठे लावावं, कारण मागे गॅन्ट्री (पॅनल ठेवायची उंच चौकट) करायची तर मिझनचा बूम (शिडाचा आडवा दांडा) मधे येतो? घट्ट काचेचं घ्यावं की वाकणारं? आणि बॅटरी एजीएम (शिशाची, बंद प्रकारची) घ्यावी की लिथियम? यार्डातले प्रत्येक जण वेगळं सांगतात.

छतावरचा_सूर्य
पुणे

मी बोटीतला नाही, घरांवर आणि सोसायट्यांवर सोलर बसवतो, तर मला जे कळतं तेवढंच लिहितो.

तुमचा हिशोब छान आहे, बहुतेक लोक पॅनलपासून सुरुवात करतात आणि तुम्ही खर्चापासून केलीत. पण त्याला ऊन जोडा. तुमच्याकडे ५१ अंश अक्षांश, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम १५ अंश. सपाट ठेवलेल्या पॅनलवर जूनमध्ये दिवसाला चौरस मीटरमागे ५ युनिटच्या आसपास ऊन पडतं आणि डिसेंबरमध्ये अर्धा-पाऊण युनिट. पुण्यात डिसेंबरातही साडेचारच्या आसपास असतं, म्हणून इथला अंगठा-नियम तिथे अजिबात लावू नका. ४०० वॅट सपाट बसवलेत तर सगळा लॉस धरून जूनमध्ये तुमचे १४०० वॅट-आवर निघतील, सावली नसेल तर. त्याच पॅनलचे डिसेंबरमध्ये दीड-दोनशे निघतील. म्हणजे हिवाळ्यात सोलरवर राहायचा विचार डोक्यातून काढून टाका, ८०० वॅट लावलेत तरी भागणार नाही. तुम्ही मरिनात असणार आहात म्हणताय तेच बरोबर आहे. पोर्तुगालच्या दक्षिणेला जुलैत सातच्या पुढे मिळतं, तिथे तुमची चंगळ.

युरोपियन कमिशनचं पीव्हीजीआयएस म्हणून फुकट वेबपान आहे, त्यात नकाशावर बोट ठेवायचं, पॅनल किती वॅट, किती अंश तिरकं, कुठल्या दिशेला ते भरायचं, महिन्यागणिक आकडा मिळतो. आधी सपाट भरून बघा आणि मग दक्षिणेला ६५-७० अंश तिरकं भरून बघा, डिसेंबरचा आकडा दुपटीच्या आसपास जाईल. तेव्हा पॅनल तिरकं करता येईल अशी सोय ठेवता आली तर जरूर ठेवा.

घरावरचं ४०० वॅटचं पॅनल घ्यायचा मोह होईल कारण वॅटमागे ते सगळ्यात स्वस्त पडतं. साधारण १.७ मीटर बाय १.१ मीटर, वजन २० किलोच्या वर. ३१ फुटी बोटीवर एवढं मोठं शीड उलटं बांधल्यासारखं होईल असं मला वाटतं, ते बोटवाले सांगतील. पण घेतलंत तर एक लक्षात ठेवा, त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेलं) ३७ च्या आसपास असतं. दोन सीरिजमध्ये जोडून ७५ व्होल्टच्या एमपीपीटीला (पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा कंट्रोलर) दिलीत तर कागदावर ७४ होतात आणि बसतं असं वाटतं, पण थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, एखाद्या गार सकाळी पहिलं ऊन पडलं की कंट्रोलर खलास.

डोलकाठी
लागोस, पोर्तुगाल

मीठपाणी, तुझंच बरोबर आहे, अस्तर सगळ्यात शेवटी. नवऱ्याला हे वाचायला दे. आम्ही दोघं बरीच वर्षं बोटीवर राहतोय, आधी फाल्मथला, आता इथे, आणि जुनी बोट घेऊन दुरुस्त करणाऱ्या कितीतरी जोड्या बघितल्यात. केबिन सुंदर करून घेतात आणि मग त्याच सुंदर छताला भोकं पाडत बसतात.

क्रम असा ठेव. पहिल्यांदा वरून येणारं पाणी बंद कर, म्हणजे खिडक्या, स्टँचनचे (कठड्याच्या खांबांचे) पाय, चेनप्लेट (मास्टच्या तारा अडकवायच्या पट्ट्या), सगळं काढून नव्याने सील कर, आत्ता आतून नट दिसतायत तोवर. छत उघडं आहे तर पाऊस पडून गेल्यावर टॉर्च घेऊन आत पड आणि कुठे ओल येते ते खडूने मार्क कर, ही संधी परत मिळायची नाही. मग डेकवर जिथे जिथे सोलरची वायर, गॅन्ट्रीचा पाय, रेलचा पाय येणार आहे तिथे भोक पाडताना बघ की मधे बाल्सा लाकूड आहे का नुसतं फायबरग्लास आहे. बाल्सा असेल तर भोक मोठं पाड, कडेचं लाकूड आतून कोरून काढ, इपॉक्सी भर, सुकलं की मग त्यात हव्या त्या मापाचं भोक पाड. नाहीतर एका स्क्रूच्या बाजूने पाणी शिरतं आणि हातभर डेक कुजतो. मग वायरी, मग इन्सुलेशन (बोटीवर राहणार असाल तर हे हवंच, हिवाळ्यात छतावरून दव ठिबकतं), आणि मग अस्तर.

वायरी ओढताना नुसत्या वायरी ओढू नकोस, गुळगुळीत प्लास्टिकचा पाइप टाक छताच्या दोन्ही कडांनी, पुढपासून मागपर्यंत, आणि प्रत्येक पाइपात एक रिकामी दोरी सोडून ठेव. आज सोलर नाही लावलंस तरी चालेल, पाइप आणि दोरी पाहिजे. एवढं केलंस तर तुमचा वादच मिटतो, अस्तर या हिवाळ्यात आणि पॅनल पुढच्या उन्हाळ्यात, दोघांचंही होईल.

आता कुठे लावायचं. केचवर मागची गॅन्ट्री मला पटत नाही. मिझनचा बूम मागे बाहेर येतो, गॅन्ट्री त्याच्याही मागे आणि वर न्यावी लागते, म्हणजे वजन आणि वारा दोन्ही सगळ्यात वाईट जागी. आणि सावली. माणसं हा मुद्दा नेहमी विसरतात की नांगरावर बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, ऊन कुठून येतंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. इंग्लिश चॅनलमध्ये बहुतेक वेळा वारा नैर्ऋत्येचा. म्हणजे नाळ नैर्ऋत्येला. दुपारनंतर सूर्यही तिकडेच जातो, म्हणजे ऐन दुपारी मुख्य मास्ट, मिझन, दोन्हींच्या शिडांच्या गुंडाळ्या, सगळ्यांची सावली थेट मागे पडते, बरोब्बर तुझ्या गॅन्ट्रीवर. उलट बोटीची डावी बाजू आग्नेयेला असते, तिला सकाळपासून दुपारपर्यंत मोकळं ऊन मिळतं, आणि उजव्या बाजूला संध्याकाळचं. नदीत भरती-ओहोटीने बोट फिरते तेव्हा हे बदलतं, पण समुद्रात नांगरावर असंच होतं.

म्हणून माझं मत, कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना गार्डरेलवर बिजागरीने एकेक पॅनल. वायरच्या लाइफलाइनवर नाही हं, तिथे २५ मिलिमीटरचा स्टीलचा पाइप बसवून घ्यायचा, त्यावर क्लँप. १७५ वॅटचं काचेचं पॅनल साधारण दीड मीटर लांब, ६७ सेंटीमीटर रुंद आणि ११ किलोच्या आसपास असतं, एका माणसाला उचलता येतं. चालू बोटीत ते खाली पाडून रेलला बांधायचं, नांगरावर उचलून खाली एक काठी लावायची. तिरकं करता येतं, म्हणजे पुण्याच्या दादांनी सांगितलेला हिवाळ्याचा फायदाही मिळतो, मरिनात दक्षिणेकडची बाजू उभी करून ठेव. वादळाची बातमी आली की पाच मिनिटांत काढून आत ठेवता येतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तोटा म्हणजे जेटीला लागताना ते खाली बांधलेलं असायलाच हवं, आणि बाजूने बोटीत चढायला वाट ठेवायला लागते.

दोन्हीला स्वतंत्र एमपीपीटी. यात काटकसर करू नकोस. एका बाजूला ऊन आणि दुसरीला सावली हे रोजचंच असणार, एकत्र जोडलंस तर सावलीतलं पॅनल दुसऱ्याच्या कामात खोडा घालतं. एका पॅनलमध्ये ३६ सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि बहुधा दोन बायपास डायोड, म्हणजे एका सेलवर श्राउडच्या (मास्टला बाजूने धरणाऱ्या) वायरीची नाही पण मास्टची किंवा जाड दोरीची गडद सावली पडली तर अर्धं पॅनल झोपतं. नांगरावर मिझनचा बूम मधे राहू देऊ नकोस, शीट (बूमची दोरी) सैल करून बूम सावलीच्या बाजूला ओढून श्राउडला बांधून टाक. तेवढ्याने मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत वर जातो.

भोकं पाडायच्या आधी एक कर. पुठ्ठा घे, पॅनलच्या मापाचा काप, रेलला बांध आणि दिवसभर जाता येता बघ कोणाची सावली कधी पडते. माणसं उठबस कुठे करतात, विंच फिरवताना कोपर कुठे लागतं, तेही कळतं.

वाकणारी पॅनल: आमच्या बोटीवर आधीच्या मालकाने केबिनच्या छतावर चिकटवलेली होती. इथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात जंक्शन बॉक्सच्या भोवती तपकिरी डाग पडले, हात लावला तर चटका बसायचा, आणि एके दिवशी त्यातलं एक बंदच पडलं. काढताना डेकचा रंगही निघाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, हे एकाच कंपनीचं दुखणं नाहीये. आमच्याकडे आता सगळी काचेची आहेत.

ईटीओ_रत्नागिरी
सध्या जहाजावर, पर्शियन गल्फ

जहाजावर इलेक्ट्रिकलचं काम बघतो, म्हणून वायरिंगबद्दल लिहितो, कारण बोटीला आग लागते ती बहुतेक तिथूनच.

ताई, ज्या जुन्या वायरी लोंबतायत म्हणालात त्यातली एक घ्या, टोकापासून वीतभर आत कापा आणि वरचं प्लास्टिक सोला. तांबं चकचकीत लाल निघालं तर ठीक, पण तुमच्या बोटीचं वय बघता काळं निघेल, वर हिरवी पूड. साध्या तांब्याच्या वायरीत खारट ओलावा टोकातून आत चढत जातो, बाहेरून वायर नवी दिसते आणि आत प्रत्येक तंतू खाल्लेला असतो. असल्या वायरीला नवा लग (टोकाचा धातूचा जोड) लावून उपयोग नाही. सगळ्या काढा. नवीन घेताना टिन्ड म्हणजे कथिलाचा मुलामा असलेली, बारीक तंतूंची मरीन वायर घ्या, लग चांगल्या रॅचेट क्रिंपरने दाबा, वर गोंदवाली हीटश्रिंक चढवा. डाग देऊन जोड करू नका, डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते.

जाडी: १७५ वॅटचं पॅनल २० व्होल्टच्या आसपास ९ ॲम्पिअर देतं. पॅनलपासून कंट्रोलरपर्यंत ८ मीटर, म्हणजे जाऊन येऊन १६ मीटर. २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकलीत तर वाटेत एक व्होल्ट जातो, ५ टक्के. ६ ची टाकलीत तर ०.४ व्होल्ट, २ टक्के. वायर एकदाच टाकायची आहे आणि वर अस्तर येणार आहे, ६ च टाका. कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवा म्हणजे कमी व्होल्ट जास्त ॲम्पिअरचा टप्पा आखूड राहील, पण बॅटरीच्या डोक्यावर नको, आणि बंद कपाटात नको, त्याला हवा लागते, उभाच बसवा.

डेकमधून वायर आत घेताना वरून सरळ खाली भोक पाडू नका. शक्य असेल तर पुशपिटच्या (मागच्या कठड्याच्या) नळीतून आणा किंवा वाकड्या मानेचा ग्लँड (वायरीभोवतीचं पाणीबंद बूच) वापरा, आणि आत आल्यावर वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी आलंच तर झोळावरून टपकेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही. एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडायचे) दोन्ही बाजूंना एकाच मेकचे हवेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, क्लिक आवाजही येतो, पण आतला संपर्क नीट नसतो आणि ते वितळतात.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, २० सेंटीमीटरच्या आत. सोलर आणि बिल्ज पंप (तळातलं पाणी बाहेर काढणारा) हे दोन मेन स्विचच्या आधी जोडा, प्रत्येकाला आपापला फ्यूज देऊन, म्हणजे तुम्ही मेन बंद करून घरी गेलात तरी बॅटरी भरत राहील आणि पंप चालू राहील. जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, काढताना आधी पॅनल मग बॅटरी, कंट्रोलरला बॅटरी किती व्होल्टची ते आधी कळायला लागतं.

ॲल्युमिनियमची फ्रेम आणि स्टीलचा क्लँप थेट एकमेकांना लावू नका, मधे नायलॉनचा वॉशर आणि ड्युरालॅक (गंजरोधक पेस्ट). मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन जातं. आणि हिवाळाभर शोअर पॉवरवर राहणार आहात तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आणि ३० मिलिॲम्पचा आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते सोलरच्याही आधी बघा. आयसोलेटर नसेल तर शेजारच्या बोटीशी अर्थच्या वायरीतून तुमची बोट जोडली जाते आणि तुमचे झिंक (गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे) त्यांच्यासाठी झिजतात.

बॅटरीबद्दल: मी लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणेन, पण अर्धवट नको. तुमचा रोजचा खर्च ११०, एजीएम अर्ध्याच्या खाली न्यायची नाही तर २२० एएच एका दिवसालाच लागते, दोन ढगाळ दिवस धरले तर ४४०, एवढं शिसं ३१ फुटी बोटीत कुठे ठेवणार? शिवाय शिशाच्या बॅटरीला शेवटचे २० टक्के भरायला तासन्‌तास लागतात, सोलरवर ते ऊन असेपर्यंत होतच नाही, रोज अर्धपोटी राहून ती सल्फेट होते आणि दोनतीन वर्षांत बसते. लिथियमला अर्धं भरलेलं राहण्याचं काही वाटत नाही. ८० टक्के वापरता येते, २८० एएचची एक तुम्हाला दोन दिवस काढेल.

पण इंजिनचा अल्टरनेटर तिला थेट लावायचा नाही. लिथियम जेवढं द्याल तेवढं ओढते, जुना अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर पूर्ण लोड घेऊन जळतो. आणि चालू इंजिनमध्ये बीएमएसने (लिथियमच्या आतलं रक्षक सर्किट) बॅटरी तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. म्हणून अल्टरनेटर फक्त स्टार्टरच्या शिशाच्या बॅटरीला, आणि तिथून १८ किंवा ३० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर लिथियमला. मेन फ्यूज क्लास टी घ्या, लिथियमच्या शॉर्टचा करंट साध्या फ्यूजला तोडता येत नाही. शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, पण बोट पाण्यात असेल तर हिवाळ्यातही सोलेंटचं (तुमच्या तिथल्या सामुद्रधुनीचं) पाणी ७-८ अंशांवर असतं, खालच्या लॉकरात बॅटरी गोठणार नाही. यार्डात टेकूंवर उभी असताना मात्र लक्ष ठेवा. आणि विम्याच्या लोकांना आधी लेखी विचारा, कोणी बसवलं आणि कुठल्या स्टँडर्डप्रमाणे ते विचारतात.

मांडवीकाठ
पणजी

वाकणाऱ्या पॅनलची बाजू घेतो थोडी. डोलकाठी ताईंचा अनुभव खरा आहे, डेकवर चिकटवलं की ते तापणारच. इथे गोव्यात एप्रिल-मेमध्ये पॅनल ६५ अंशांवर सहज जातं आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के पॉवर कमी होते, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले, आणि खालून हवा नसेल तर अजून जातात. पण कॉकपिटवरच्या कापडी छताला चेनने (झिपने) लावलेलं, खालून वारा खेळतं राहणारं वाकणारं पॅनल माझ्याकडे अजून चांगलं चाललंय. १०० वॅटला तीनएक किलो वजन, काढून घडी नाही पण गुंडाळल्यासारखं वाकवून आत ठेवता येतं. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बोट वर काढलेली असते तेव्हा मी ते घरीच आणतो. तिसरं पॅनल म्हणून कापडावर असं एखादं लावायला हरकत नाही, मुख्य म्हणून नको. शिडाच्या बोटीवर उंच जागी १० किलो आणि ३ किलो यात फरक पडतो.

आणि धुवायला विसरू नका. मीठ आणि पक्ष्यांची घाण. गोड्या पाण्याने आणि फडक्याने, घासणीने नाही.

मीठपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला वाचायला दिलं, पाइप आणि दोरीचा तोडगा त्याला लगेच पटला, काल दोघांनी बसून छताच्या दोन्ही कडांचं माप घेतलं.

ईटीओ दादा, वायर कापून बघितली. चार्ट टेबलच्या मागून मास्टकडे जाणारी जाड लाल वायर होती, बाहेरून अगदी ठणठणीत. वीतभर आत काळी. अजून हातभर आत कापली तरी काळीच, आणि बोटात धरल्यावर तंतू मोडले. सगळं वायरिंग नवीन करतोय आता.

पीव्हीजीआयएसवरही भरून बघितलं. सपाट आणि ७० अंश, डिसेंबरचा फरक खरंच दुपटीच्या पुढे आला. पण दुप्पट होऊनही आमच्या गरजेच्या पाव हिश्श्याच्या आतच आहे, तेव्हा हिवाळ्यात मरिना पक्कं.

म्हणजे ठरलं ते असं: रेलवर दोन १७५, दोन स्वतंत्र ७५/१५ (७५ व्होल्ट, १५ ॲम्पिअरचे) एमपीपीटी, नंतर वाटलं तर कापडी छतावर एक हलकं, आणि त्याच्यासाठी तिसरी वायर आत्ताच टाकून ठेवायची. ३५० वॅटमध्ये जूनमध्ये जरा कमी पडेल असं दिसतंय, तर लॅपटॉपचं चार्जिंग दुपारी, ऊन असताना उरकायचं.

दोन प्रश्न राहिले. मिझन मास्टवर पवनचक्की लावावी का? हिवाळ्यात ऊन नाही पण वारा भरपूर असतो. आणि एमपीपीटीमुळे व्हीएचएफमध्ये (बोटीच्या रेडिओत) खरखर येते असं यार्डात एकाने सांगितलं, ते खरं आहे का? कारण आमची एआयएसची (आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्राची) अँटेना मिझनवरच आहे.

डोलकाठी

पवनचक्कीला मिझन ही आयती जागा आहे हे खरं, केचवाले बरेच जण लावतात. पण वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनात वाढते, वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट, म्हणजे उलट बघितलं तर वारा अर्धा झाला की आठवा हिस्सा उरतो. आणि नांगर टाकायला तू शोधणार आडोशाची जागा, जिथे वारा कमी. मरिनात तर शेजारी आवाजाला वैतागतात, काही ठिकाणी बांधूनच ठेवायला लावतात. मिझनच्या नळीतून आवाज थेट तुमच्या मागच्या केबिनमध्ये उतरेल, तिथे तुम्ही झोपणार आहात ना? मी आधी एक उन्हाळा आणि एक हिवाळा सोलरवर काढून बघेन. वायर मात्र मिझनच्या पायथ्यापर्यंत आत्ताच टाक, छत उघडं आहे.

ईटीओ_रत्नागिरी

खरखर येऊ शकते, हो. एमपीपीटी आत वेगाने स्विचिंग करतो आणि पॅनलच्या लांब वायरी अँटेनासारख्या काम करतात. प्लस-मायनस वायरी एकमेकींना चिकटून न्या, शक्य तर पीळ देऊन, व्हीएचएफच्या केबलच्या शेजारून एकाच पाइपात नेऊ नका. डाव्या कडेच्या पाइपात सोलर आणि उजव्या कडेच्या पाइपात अँटेनाच्या केबली असं आत्ताच वाटून टाका. उजव्या पॅनलची वायर मागूनच डावीकडे वळवून घ्या, थोडी लांब पडेल पण ६ ची आहे, चालेल. कंट्रोलर ऑटोपायलटच्या कंपासपासून निदान मीटरभर लांब ठेवा, बॅटरीच्या जाड वायरीही.

तपासायचं असं: भर उन्हात व्हीएचएफ रिकाम्या चॅनलवर लावा, स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) खरखर जेमतेम बंद होईल इथपर्यंत आणा, मग पॅनलचा ब्रेकर चालू-बंद करून बघा. चालू केल्यावर खरखर उघडली तर कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंच्या वायरींना फेराइटची कडी लावा. पॅनल आणि कंट्रोलरच्या मधे तो ब्रेकर डीसीचाच घ्या, घरातला एसीचा नको, डीसीची ठिणगी त्याच्यात विझत नाही. आणि हे सगळं अस्तराचे स्क्रू आवळायच्या आधी करून बघा, म्हणजे वायर हलवायची वेळ आली तर हलवता येईल.